फक्त निवासासाठी

परवा एका मैत्रिणीने फोनवर विचारलं, "अगं, तुझ्या त्या पाळणाघराच्या भानगडीचं पुढे काय झालं?" तिला म्हटलं, लिहिते सविस्तर. खरं तर गेली दोन वर्षं लिहीन लिहीन म्हणतेय. पण यातला अर्धा भाग सांगायला मजा येते आणि उरलेला अर्धा सांगताना जीभ अडखळते, म्हणून राहून गेलं. आज मुलं झोपलीयेत, तासभर हातात आहे. (मधे दर पंधरा मिनिटांनी उठावं लागेल. का, ते पुढे सांगते.)

तर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आम्ही फ्रीमाँटमध्ये, म्हणजे कॅलिफोर्नियात, २००१ पासून राहतोय. घर म्हणजे टाऊनहाऊस. एका ओळीत सहा घरं, दोघांत मिळून एक भिंत, मागे रुमालाएवढं अंगण. आणि सगळ्यांवर मिळून एक असोसिएशन. डोंबिवलीच्या सोसायटीची अमेरिकन बहीण म्हणा ना. महिन्याचा मेंटेनन्स, पार्किंगवरून वाद, आणि दाराला कुठला रंग लावायचा यावर कमिटीची मान्यता. फरक एवढाच, की इथे चहा मिळत नाही.

२०२० मध्ये माझी नोकरी गेली. वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं आणि एका सकाळी पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर ते संपलं. दोन्ही मुलं कॉलेजला गेलेली, घर रिकामं. त्याच सुमारास गल्लीतल्या एका जोडप्याचं डेकेअर करोनात कायमचं बंद झालं. दोघंही घरून काम करत होते, मांडीवर दहा महिन्यांचं बाळ. मी म्हटलं, दुपारपर्यंत ठेवा माझ्याकडे. एकाचे दोन झाले. मग मी रीतसर परवाना काढायचं ठरवलं.

इथे घरच्या घरी पाळणाघर चालवायला राज्याचा परवाना लागतो. आधी बोटांचे ठसे, मग क्षयरोगाची तपासणी, मग प्रथमोपचार आणि आरोग्य-सुरक्षा मिळून सोळा तासांचं प्रशिक्षण. त्यानंतर एक बाई घर तपासायला आल्या. त्यांनी जिन्याला लहान फाटक लावायला सांगितलं, भांडी घासायचा साबण कुलपात ठेवायला सांगितला, आग विझवायचं नळकांडं बघितलं. लहान परवान्यावर सहा मुलं ठेवता येतात, त्यात दोन वर्षांखालची तीनच. शाळेत जाणारी मोठी मुलं असतील तर आठपर्यंत. मोठा परवाना असेल तर चौदा. मला सहाच पुष्कळ झाली!

सगळ्यात गंमत वाटली ती झोपण्याच्या नियमांची. आपल्याकडे बाळ म्हटलं की दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, साडीच्या झोळीत घालायचं आणि झोका द्यायचा. इथे तान्ह्या बाळाला उताणं झोपवायचं, पाळण्यात उशी नाही, पांघरूण नाही, खेळणं नाही, गुंडाळायचं तर मुळीच नाही. आणि दर पंधरा मिनिटांनी जाऊन श्वास नीट चाललाय ना ते बघायचं आणि वहीत लिहायचं. पहिला आठवडा मला ते बाळ बिचारं उघडं पडल्यासारखं वाटायचं. आता सवय झाली. उलट झोळीचा विचार आला की पोटात गोळा येतो.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये परवाना आला. नियमाप्रमाणे तो दिसेल असा भिंतीवर लावला. सहा मुलं, मी, आणि सकाळी चार तास मदतीला येणारी एक मुलगी. दोन तेलुगू, एक चिनी, एक मेक्सिकन, एक आपला नागपूरचा, आणि एक अर्धा पंजाबी अर्धा आयरिश. सगळी मला 'माऊशी' म्हणतात. सगळी वरण-भात खातात. मेक्सिकन पोरगा तर तुपाशिवाय खातच नाही.

दीड वर्ष सुरळीत चाललं. मग मार्च २०२३ मध्ये असोसिएशनचं पत्र आलं.

पत्र दोन पानी होतं, पण सांगण्यासारखं एकच वाक्य. 'काही रहिवाशांकडून तक्रारी आल्या आहेत. नियमावलीनुसार घराचा वापर फक्त निवासासाठी करता येतो, कोणताही व्यवसाय चालवता येत नाही. तो बंद करावा, अन्यथा दंड आकारण्यात येईल.' आपलं म्हणणं मांडायला अमुक तारखेला मीटिंगला यावं.

नवरा म्हणाला, "मी तुला आधीच म्हटलं होतं, त्यांना विचार म्हणून." (त्याने म्हटलं नव्हतं. पण असो.)

मी मात्र ते वाक्य परत परत वाचत बसले. इंग्रजीत असलं तरी ते मला पाठ होतं. कारण तेच वाक्य मी स्वतः लिहिलं होतं, माझ्या हाताने, निळ्या शाईत, कार्बन पेपर घालून तीन प्रतींमध्ये.

१९८९ च्या जानेवारीत. मी दहावीला होते. आम्ही डोंबिवलीत पहिल्या मजल्यावर राहायचो आणि बाबा सोसायटीचे सेक्रेटरी होते. बरोबर आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, एक काकू पाळणाघर चालवायच्या. काका गिरणीत कारकून होते. १९८२ चा संप झाला आणि ती नोकरी गेली ती गेलीच. काका मग कधी या दुकानात, कधी त्या दुकानात हिशेब लिहायचे. घर चालायचं ते काकूंच्या पाळणाघरावर. सकाळी सात-साडेसातला बिल्डिंगमधल्या आणि आसपासच्या बायका कडेवर मूल आणि खांद्याला पर्स घेऊन जिना चढायच्या आणि पाच मिनिटांत रिकाम्या कडेने धावत उतरायच्या. लोकल पकडायची असायची ना! संध्याकाळी सातला उलटा क्रम. तेव्हा मुलगा किंवा मुलगी कडेवर, हातात भाजीची पिशवी, आणि चेहऱ्यावर दिवसभराची गर्दी.

माझं अक्षर चांगलं. म्हणून सोसायटीच्या नोटिसा बाबा माझ्याकडून लिहून घ्यायचे. पाण्याची टाकी धुणार आहेत, गच्चीची किल्ली अमक्याकडे आहे, वगैरे. त्यातलीच ही एक. 'काही सभासदांच्या तक्रारी आल्या असून, आपण आपल्या सदनिकेचा वापर फक्त निवासासाठी करावा...' खाली बाबांची सही आणि गोल शिक्का. मी अभ्यासातून उठून लिहिली आणि परत बीजगणिताला बसले. एप्रिलमध्ये पाळणाघर बंद झालं. पुढे काकू पोळ्या करून द्यायला लागल्या आणि दोन-तीन वर्षांत ते लोक बदलापूरला गेले.

एवढंच मला आठवत होतं. त्यावर मी चौतीस वर्षांत कधी विचार केला नव्हता.

आता पत्र हातात आल्यावरही फार विचार केला असं नाही. राग आला आणि कामाला लागले. टेस्टिंगवाली बाई मी, नियम वाचायची खोड आहेच. दोन रात्री बसून कायदा वाचला, आणि काय सांगू, खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारली! कॅलिफोर्नियाच्या हेल्थ अँड सेफ्टी कोडमध्ये १५९७.४१ असं एक कलम आहे. त्याचा सरळ अर्थ असा, की घरगुती पाळणाघराला मनाई करणारी कुठलीही अट खरेदीखतात, करारात किंवा असोसिएशनच्या नियमावलीत असली, तरी ती रद्दबातल. पाळणाघर हा निवासी वापरच समजायचा. १ जानेवारी २०२० पासून नवा कायदा आला आणि हे आणखी पक्कं झालं. घर कसलं चालतं त्या यादीत 'टाऊनहाऊस' हा शब्दसुद्धा नावानिशी आहे. (हे कॅलिफोर्नियाचं सांगतेय हं. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. टेक्सास-फ्लोरिडावाल्यांनी माझ्या भरवशावर पाळणाघर काढू नका.)

मीटिंगला कागदांची फाइल घेऊन गेले. समोर कमिटीचे पाच जण, सगळे आपापलं काम सांभाळून फुकट राबणारे. अध्यक्षबाईंनी आधीच वकिलाला विचारलं होतं असं दिसलं, कारण मी फाइल उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, पत्र आम्ही मागे घेतोय. मी तयार केलेलं अख्खं भाषण घशातच राहिलं. मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या रास्त होत्या. एक, संध्याकाळी न्यायला येणारे पालक लाल पट्ट्यावर गाडी उभी करतात. तो अग्निशमनाच्या बंबाचा रस्ता आहे, तिथे कुणीच थांबायचं नाही, मग पाळणाघर असो वा नसो. दोन, माझ्या विम्यात असोसिएशनचंही नाव घालावं. तसं मागायचा त्यांना कायद्याने हक्क आहे आणि त्यासाठी वाढीव हप्ता पडला तर तो त्यांनी भरायचा असतो. मी दोन्हीला हो म्हटलं. वीस मिनिटांत खेळ खलास.

तक्रार कुणाची ते मात्र सांगितलं नाही. माझा संशय कोपऱ्यावरच्या आजोबांवर. कुत्रा घेऊन जाताना आमच्या दाराकडे असं बघायचे की जणू मी आत दारू गाळतेय. नेमके तेच आजोबा मीटिंगच्या शेवटी उठले आणि म्हणाले, मुलांचा आवाज ऐकू येतो म्हणून तर ही गल्ली जिवंत वाटते, माझी बायको गेल्यापासून मी त्याच वेळेला कुत्रा बाहेर काढतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या शनिवारी घरी येऊन मी शिरा केला. जिंकल्याचा शिरा!

मग वाटलं, आपण स्वतःहून सगळ्या घरी जाऊन यावं. माझा फोन नंबर, मुलं येण्या-जाण्याच्या वेळा आणि चॉकलेटचा एक छोटा डबा. दुपारी तीनच्या सुमारास माझ्या भिंतीला भिंत असलेल्या घराची बेल वाजवली. एक बाई राहतात तिथे, एकट्याच, मूळच्या फिलिपिन्सच्या. वर्षभरापूर्वीच आल्या होत्या. 'हाय-हॅलो'पलीकडे ओळख नाही. दार उघडलं तेव्हा अंगात झोपायचे कपडे, डोळ्यांवरची काळी पट्टी कपाळावर सरकवलेली. मी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, तर त्या मधेच म्हणाल्या, "मीच लिहिलं होतं ते."

त्या रात्रपाळीच्या नर्स. संध्याकाळी सात ते सकाळी साडेसात. घरी येऊन साडेआठला आडव्या होतात. आणि साडेनऊला माझी सहा मुलं अंगणात, बरोबर त्यांच्या खिडकीखाली. म्हणाल्या, समोर येऊन बोलायचा धीर झाला नाही. मुलांबद्दल तक्रार करणारी बाई कुणाला आवडते? म्हणून ऑफिसला दोन ओळी पाठवल्या. पाळणाघर बंद करा असं मी कुठेच म्हटलं नव्हतं.

'काही रहिवासी' म्हणजे त्या एकट्या.

मी "सॉरी हं" वगैरे काहीतरी बोलून परत आले. पण खरं सांगू? मनातून राग गेला नव्हता. वर्षभरात एकदा बेल वाजवता आली नाही? कायदा माझ्या बाजूने आहे. मुलं दिवसा अंगणात खेळणारच. दिवसा झोपायचं तर खिडकीला जाड पडदा लावा, कानात बोळे घाला.

त्या रात्री, म्हणजे तिकडे सकाळी, बाबांना फोन केला. ते अजून डोंबिवलीतच असतात. तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते, पण स्मरणशक्ती अशी की सोसायटीची जुनी इतिवृत्तं तोंडपाठ. त्यांना सगळी हकिगत सांगितली, त्यांना कायद्याचा भाग फार आवडला. मग मी सहज विचारलं, "बाबा, त्या वरच्या काकूंची तक्रार कुणी केली होती हो?"

"कुणी म्हणजे?"

"नोटिशीत होतं ना, काही सभासद म्हणून. मीच लिहिली होती."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अगं, सभासद कुठले. तूच म्हणाली होतीस की. वर सारखी रडारड असते, गणितात लक्ष लागत नाही म्हणून. तुझी दहावी होती. मग कमिटीत विषय घेतला."

मला आठवेना. आजही आठवत नाही. एखाद्या दुपारी वैतागून बोलले असेन, जसं त्या वयात आपण कशालाही वैतागून बोलतो. पण बाबांना आठवत होतं.

"त्या आल्या होत्या माझ्याकडे," बाबा आपणहून पुढे म्हणाले. "नोटीस मिळाल्यावर. म्हणाल्या, भाऊजी, पोरीची परीक्षा होईपर्यंत दुपारची मुलं मी आतल्या खोलीत ठेवते, खाली गोधड्या अंथरते. आवाज येणार नाही असं बघते."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, आता ठराव झालाय."

पुढे दोघंही काही बोललो नाही. शेवटी ते म्हणाले, "बाई चांगल्या होत्या गं." आणि मग नेहमीसारखं, तिकडे थंडी किती आहे, ते.

काकू २०१६ मध्ये गेल्या, हे मला आईकडून कळलं होतं. तेव्हा मी 'अरेरे' म्हटलं होतं आणि विसरले होते. त्या पाळणाघरातली मुलं नंतर कुठे गेली कोण जाणे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी त्या वर्षी नोकरी सोडली, एवढं मला आठवतं, कारण नंतर त्या दुपारी घरी असायच्या आणि मला त्यांचं नवल वाटायचं. ती नोकरी आणि माझे गणितातले १३४ गुण, यांचा काही संबंध असेल असं कधी डोक्यातच आलं नाही. संबंध होता की नाही, आता कुणाला विचारणार? काकूंना विचारायचं होतं ते आधी विचारायला हवं होतं.

आणि एक गोष्ट कबूल करते. काकूंच्या हातात कायदा नव्हता, तरी त्या बोलायला आल्या. माझ्या हातात कायदा होता, तर मी 'कानात बोळे घाला' म्हणत होते. बाबांचा ठराव आणि माझं कलम, दोन्हींत फार फरक राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी परत शेजारची बेल वाजवली. या वेळी साडेतीनला, आणि चॉकलेटऐवजी शिरा घेऊन. त्यांना म्हटलं, तुमच्या पाळ्या कधी असतात ते मला सांगा. तुम्ही झोपलेल्या असाल त्या सकाळी मी मुलांना बागेत नेते, अंगणात तीननंतर सोडते. त्या आधी नको नको म्हणाल्या, मग आत जाऊन एक कागद घेऊन आल्या. आठवड्याला तीन रात्री. कधी सलग, कधी विखुरलेल्या.

मग मी सहा मुलं एकदम बसतील अशी गाडी घेतली. स्वस्त नाही, सांगून ठेवते. आमची वरात निघाली की रस्त्यावरचे लोक हात करतात. बाग चार गल्ल्या पलीकडे आहे. पावसाळ्यात हाल होतात, त्या दिवशी सगळ्यांना आत कोंडून ठेवावं लागतं आणि मी संध्याकाळपर्यंत अर्धी होते. एकदा-दोनदा चुकलेही आहे, तारीख बघायची विसरले आणि पोरं अंगणात. तेव्हा भिंतीवर हळूच दोन टकटक येतात. मी आतून दोन टकटक करते आणि सगळ्यांना गोळा करते. आमचं एवढंच बोलणं, पण पुरतं.

मागच्या वर्षी आमच्या एका बाळाला खेळता खेळता ताप चढला आणि अंगाला झटका आला. मी शिकल्याप्रमाणे सगळं करत होते, ९११ ला फोन लावला होता, तरी हात लटपटत होते. मदतीच्या मुलीने भिंतीवर दणादण मुठी आपटल्या. बंबवाले पोहोचायच्या आत त्या रात्रीच्या कपड्यांतच धावत आल्या आणि बाळाला कुशीवर वळवून माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. बाळ आता ठणठणीत आहे. त्या म्हणाल्या, बरं झालं मी घरी होते. मी म्हटलं, बरं झालं तुम्ही झोपला होतात!

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. मग म्हणाले, "गोधड्या अंथरल्या असत्या तर चाललं असतं गं आपल्याला." एवढं बोलून त्यांनी फोन आईकडे दिला.

माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर राज्याचा परवाना आहे आणि त्याच्या शेजारी, फ्रिजवर, शेजारणीच्या पाळ्यांचा कागद. तो दर महिन्याला बदलतो. तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, हाही परवानाच आहे.

चला, पंधरा मिनिटं झाली, बाळाला बघून आले. छाती छान वरखाली होतेय. वहीत लिहिलं. बाकीची पण आता चुळबुळ करायला लागलीयेत. आज गुरुवार, कागदावर फुली नाही. म्हणजे अंगणाचं दार उघडायला हरकत नाही.